स्टुलाखालची फळी

४ जानेवारी

ताई,

नमस्कार. तब्येत ठीक, तूही ठीक असशील, इकडे थंडी आहे, तिकडेही असेलच. झालं. पत्राच्या सुरुवातीला जे जे लिहायला तू मला शिकवलंस ते एका दमात उरकलं. आता खरं सांगतो. मी दमलोय.

सातव्या अल्बमची तालीम सुरू होऊन तीन आठवडे झाले. तळघर तेच, वरचं सायकलींचं गोदाम तेच, आणि भिंतीतली ओल तर आता बँडची पाचवी सभासद झाली आहे. या वेळी असा हार्ड रॉक करायचा की वरच्या सायकली आपोआप चालायला लागतील, असं भोंग्याने पहिल्या दिवशी जाहीर केलं. भोंग्या अजून तसाच आहे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी त्याला शेवटच्या रांगेत का उभं करायचे ते आठवतं ना? त्याच आवाजावर आज आमची चौघांची पोटं चालतात.

पण गाडी काही रुळावर येत नाही. भोंग्या हल्ली गातो की गुळण्या करतो तेच कळत नाही. एक शब्द धड ऐकू येईल तर शपथ. आमच्या गिटारवाल्या काडीने वरचे सूर इतके कमी केलेत की पिंपावर हात मारल्यासारखं वाटतं. त्याला बोललो तर म्हणतो, मी काहीच कमी केलेलं नाही. घुम्या बेस गिटार वाजवतो आणि नेहमीप्रमाणे तोंड उघडत नाही. त्याचं मात्र सगळं ऐकू येतं. आणि एवढं होऊन तिघंही मलाच म्हणतात, तू पुढे पळतोस. अठरा वर्षं मी ड्रमवर या लोकांना ताल देतोय. मी पळत नाही, हे मागे राहतात.

खोलीवरही तीच तऱ्हा. दाराची घंटा बिघडली आहे. घरमालकीणबाई खाली उभ्या राहून ती दहा-दहा मिनिटं दाबतात आणि मग जिना चढून येऊन माझ्या नावाने खडे फोडतात. बाई, घंटा दुरुस्त करून घ्या, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. तुझं एक बरं आहे. तुझ्याकडे आलं की दार वाजवायच्या आत तू उघडतेस. ते कसं जमतं गं तुला?

आणि फोन कधी घेणार? सगळ्या जगाकडे फोन आहे. पाच मिनिटांत बोलून झालं असतं ते मला दोन कागद भरून लिहावं लागतं. एवढी चिक्कू कशी तू?

तुझा,
टकटक्या


११ जानेवारी

टकटक्या,

आशीर्वाद. पत्र मिळालं, तीनदा वाचलं. नमस्कार उरकलास त्याबद्दल कान पिळायला हवा, पण कानाबद्दल मला वेगळंच बोलायचं आहे.

चहाचं आधण उकळतं ते तुला ऐकू येतं, की भांड्यात बघावं लागतं? दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतंस की तुझ्या रस्त्यावर हल्ली पाखरंच उरली नाहीत. खरंच नाहीत का? भोंग्या तुझ्याकडे तोंड करून बोलतो तेव्हा शब्द कळतात आणि पाठ केली की गुळण्या, असं होतं का?

मी चौतीस वर्षं कापडाच्या गिरणीत काढली आहेत. आमच्या साळखात्यात तीनशे माग एकदम चालतात. तिथे कुणी आवाजाने बोलत नाही, आम्ही सगळ्या एकमेकींचे ओठ वाचतो आणि हातांनी खुणा करतो. तिथे हे कसं सुरू होतं ते मला पाठ आहे. आधी बाजूची बाई हळू बोलायला लागते. मग मुकादम तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. मग घरचे सगळे कुजबुजायला लागतात. सगळी चूक दुसऱ्यांचीच असते.

कान दाखवून घे. घाबरवत नाही, पण दाखवून घे.

माझं बरं चाललंय. गुडघे बोलतात, मी ऐकत नाही. नव्या आलेल्या बायकांना शिकवायचं काम दिलंय, ते माग चालवण्यापेक्षा जास्त दमवतं. फोनचं म्हणशील तर मला पत्रच बरं. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

कान ठणठणीत आहेत. पाखरं नाहीत, कारण समोरचं झाड तोडलं. आधणात बघतो, कारण मला चहाची घाई असते. साळखात्यातल्या बायकांचं दुखणं माझ्या गळ्यात मारू नकोस. एक्केचाळीस वर्षांचा माणूस दमतो, एवढंच आहे.

त्याहून मोठी बातमी म्हणजे आमचा बँड बाटला.

गेल्या सोमवारी भोंग्या नवी नऊ गाणी घेऊन आला. ज्या सहा गाण्यांवर आम्ही दीड महिना घासला ती पेटीत गेली. नवी गाणी कशी आहेत सांगू? धम, धम, धम, धम. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठा ड्रम, एकाच गतीत, न थांबता. त्यावर घुम्याचा बेस, तो एवढा वाढवलाय की दात हलतात. काडीची गिटार कोपऱ्यात बसून चिकचिक करते म्हणे, मला तर ती ऐकूही येत नाही. ताई, याला डिस्को म्हणतात. आरशाच्या गोळ्याखाली लोक नाचतात ते. मी भोंग्याला विचारलं, हे काय काढलंस? तर माझ्या अगदी समोर येऊन, तोंड एवढं वासून म्हणाला, ‘काही नाही रे, थोडा बदल.’ त्याच्या दाढेतली चांदी दिसली मला. हल्ली सगळेच माझ्याशी असे समोर येऊन बोलतात. मी काय परदेशातून आलोय?

आणखी एक खूळ. माझ्या स्टुलाखाली आणि मोठ्या ड्रमखाली घुम्याने एक भली मोठी फळी टाकली आहे. का, तर तळघराची फरशी ओली आहे म्हणे. अठरा वर्षं ती कोरडी होती वाटतं!

आम्ही तेवीस-चोवीस वर्षांचे होतो तेव्हा भोंग्याच म्हणायचा, आपण कुणाला नाचवायला आलेलो नाही, हलवायला आलोय. आता पोट सुटलं, केस गेले आणि नाचघरात जागा मिळवायची घाई झाली. लाज वाटते मला. जुने ऐकणारे आहेत आमचे, तीन-तीन तास बसमध्ये उभे राहून येतात. त्यांना काय तोंड दाखवू?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहीत आहे? वाजवायला सोपं जातं. फळीवर बसलो की हात आपोआप चालतात. आठवडाभरात कुणी एकदाही म्हणालं नाही की पुढे पळतोस.

टकटक्या


१६ फेब्रुवारी

टकटक्या,

लोक नाचले तर तुझ्या बापाचं काय जातं? तो माझाही बाप होता म्हणून सांगते, त्याचं काहीच गेलं नसतं. त्याला बसल्याजागी पाय हलवायची सवयच होती.

लाज वाटण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही. इतकी वर्षं तुम्ही आरडाओरडा केलात, आता जरा सरळ चाललात तर काय बिघडलं? अठरा वर्षांची सोबत एका महिन्यात मोडू नकोस. माणसं अशी पुन्हा जमत नाहीत. भोंग्याशी भांडू नकोस, तो वाईट नाही, वेंधळा आहे.

आमच्याकडे जुने माग काढून नवे बसवताहेत. नवे दुप्पट वेगाने चालतात. जुन्या मागांची पायांना ओळख होती, आता अर्ध्या खात्यात परक्याच्या घरात गेल्यासारखं वाटतं. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तोवर या नव्यांशी जमवून घ्यायचं म्हणजे जिवावर आलंय. पण करते.

त्या फळीची थट्टा करू नकोस. स्पीकरच्या पेटीत तिचा बोल्ट नीट आवळलेला आहे ना ते बघून घे. ढिला राहिला तर फळी नुसती खडखडेल.

कान दाखवलेस का?

ताई


१५ मार्च

ताई,

काल रेकॉर्ड कंपनीचे साहेब तळघरात आले. ओल बघून नाकाला रुमाल लावला, आणि तिसऱ्या गाण्याला तो रुमाल हातात घेऊन नाचायला लागले. हा अल्बम नाचघरं डोक्यावर घेतील म्हणे. पुढच्या आठवड्यात फोटो काढायचा आहे, त्यासाठी चकचकीत जाकिटं शिवायला टाकली आहेत. माझं चंदेरी. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या आणि अंगावर चंदेरी जाकीट. भोंग्या खाली मान घालून गप्प. काडी गप्प. घुम्या तर गप्पच असतो. एकानेही म्हटलं नाही की साहेब, आम्ही हार्ड रॉकवाले आहोत.

मी ठरवलंय. एक एप्रिलला रेकॉर्डिंग सुरू होतं, त्याआधी बँड सोडतो. अठरा वर्षं झाली, पुरे झालं. हरल्यासारखं वाटतंय, पण चंदेरी जाकिटात हरण्यापेक्षा स्वतःच्या शर्टात हरलेलं बरं.

आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र आल्यावर मी फळीखाली वाकून बघितलं. खरंच, एक जाडजूड बोल्ट फळीतून थेट घुम्याच्या स्पीकरच्या पेटीत गेलाय. मला स्वतःला ते माहीत नव्हतं. मी तुला फक्त एवढंच लिहिलं होतं की स्टुलाखाली फळी टाकली आहे.

तुला बोल्ट कसा कळला?

टकटक्या


१९ मार्च

बाळा,

पकडलंस. आता सगळं लिहिते. पत्र वाचायच्या आधी खाली बस.

जानेवारीत तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी भोंग्याला लिहिलं. त्याला म्हटलं, एकदा त्याच्या पाठीमागे उभा राहा आणि साध्या आवाजात त्याला हाक मार. त्याने तीन दिवस मारून बघितली. तू एकदाही वळला नाहीस. चौथ्या दिवशी पाठीमागून म्हणाला, तुझ्या खिशातून पैसे पडले. तरी वळला नाहीस. त्याचं मला पत्र आलं, त्यावर पाण्याचे डाग होते. ओलीचे असतील असं मी स्वतःला सांगितलं.

त्याने विचारलं, ताई, आता काय करायचं? दुसरा ड्रमवाला आम्हाला नको आहे. मग मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. आमच्या साळखात्यात ज्यांचे कान गेलेत अशा बायका मागापुढे लाकडी फळी टाकून तिच्यावर अनवाणी उभ्या राहतात. माग त्या फळीतून पायांत येतो. धोटा अडकला, धागा तुटला, सगळं पायांना आधी कळतं. बारीक आवाज कानातून पहिले जातात, जाड आवाज अंगात येतो तो जात नाही. म्हणून मी लिहिलं, बेस वाढवा, फळी स्पीकरच्या पेटीला पक्की करा, आणि ताल सरळ ठेवा.

गतीही मीच सांगितली. आई गेल्यावर तू शाळा सुटली की खात्याच्या दाराशी लाकडी खोक्यावर बसून गृहपाठ करायचास. आठवतं? माझी पाळी संपेपर्यंत, रोज, सहा वर्षं. गृहपाठ कमी आणि खोक्यावर पेन्सिलीने टकटक जास्त. आमचे जुने माग मिनिटाला एकशे वीस ठोके द्यायचे. ती गती तुझ्या हाडांत बसली आहे, झोपेतही चुकणार नाहीस. म्हणून तुला सोपं गेलं.

तर तुमचा डिस्को हा असा आला. नाचघरातून आला नाही, आपल्या गिरणीतून आलाय. तुझ्या मित्रांना नाचघराचं काही पडलेलं नाही. त्यांना तू हवा होतास.

तुला न विचारता केलं हे चुकलं. विचारलं असतं तर तू झाड तोडलं म्हणाला असतास.

ताई


२४ मार्च

ताई,

म्हणजे तिघंजण रोज माझ्या पाठीमागे उभे राहून हाका मारत होते आणि मी ढिम्म बसलो होतो. आणि हे तुला कळवत होते. आणि तू त्यांना शिकवत होतीस. सगळ्यांनी मिळून मला पांगुळगाडा करून दिलात आणि वर त्याला अल्बम म्हणालात.

मला दया नको आहे. कुणाची नको, तुझी तर मुळीच नको.

ड्रमच्या काठ्या खोलीवर आणून कपाटात टाकल्या. त्यांना सांगायलाही गेलो नाही. काही दिवस लिहू नकोस.

टकटक्या


२० एप्रिल

ताई,

मी भोंग्या. तुम्हाला मी याआधी लिहिलं तेव्हा धीर होता. आता नाही. तो चार आठवडे आलेला नाही. मी दोनदा खोलीवर गेलो, घरमालकीणबाई म्हणाल्या, वर आहे पण दार उघडत नाही. घंटा दाबली, दार वाजवलं. मग लक्षात आलं की मी काय करतोय, आणि जिन्यात बसून राहिलो. दाराखालून चिठ्ठी सरकवली. तिला उत्तर नाही.

कंपनीने दहा मेपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर म्हणतात, दुसरा वाजवणारा आणा किंवा ताल देणारं यंत्र आणा. एवढा सरळ ताल यंत्रालाही जमेल असं साहेबांचं म्हणणं. घुम्याने त्या बैठकीत वर्षातलं पहिलं वाक्य उच्चारलं. ‘मग गाणाराही यंत्रच आणा.’ आणि उठून गेला. टकटक्या नसेल तर अल्बम नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलंय. अठरा वर्षं अशी संपली तर संपली.

ताई, चूक माझीही आहे. तुम्ही लिहिलं होतं, हात बसेपर्यंत एकशे वीसने सुरुवात करा. मी नऊच्या नऊ गाणी एकशे वीसची केली. आम्हाला डिस्कोतलं ओ की ठो कळत नाही. आम्ही तिघांनी मिळून असलं एक गाणं धड ऐकलेलं नव्हतं. कंपनीचे साहेब नाचायला लागले तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही काय केलंय. ‘तुम्हाला हे सुचलं कसं?’ म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. त्यातलं नववं गाणं तर अंगाई होती. तिच्यावरही लोक नाचणार आता.

जाकिटांना आम्ही विरोध केला नाही, कारण विरोध करताना खरं कारण सांगावं लागलं असतं.

तालमीची एक टेप पाठवतोय. तो फळीवर बसून वाजवत होता तेव्हाची. त्याला आवडत नसेल, पण इतकं नेटकं त्याने दहा वर्षांत वाजवलेलं नाही. तुम्हीच काही करू शकाल.

तुमचा,
भोंग्या


२७ एप्रिल

टकटक्या,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. आजवर मी तुझं ऐकलं आहे का कधी? या वाक्यावर हसू नकोस, आधी पुढचं वाच.

मला अकरा वर्षं ऐकू येत नाही.

थोडं थोडं येत नाही असं नाही. येतच नाही. तू समोर बसून बोलतोस ते मी तुझ्या ओठांवर वाचते. पाठ करून बोललास तर मला काही कळत नाही, म्हणून तर मी तुझ्या पुढे पुढे करत चहा घेऊन फिरते आणि तू म्हणतोस, ताई, एके ठिकाणी बस ना. फोन घेत नाही तो चिक्कूपणामुळे नाही. घेऊन काय करू त्याचं? आणि दार वाजवायच्या आत उघडते त्यात जादू नाही. आपल्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी ढिली आहे. तू तिच्यावर पाय दिलास की स्वयंपाकघराच्या फळ्या हलतात. तू येणार असलास की मी दुपारपासून चपला काढून उभी असते.

तुला सांगितलं नाही. का, ते सांगते. तुझा तिसरा अल्बम आला तेव्हा नुकतंच सगळं गेलं होतं. तू तो घेऊन आलास, शेजारच्या नर्सबाईंच्या यंत्रावर लावलास आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलास. मी म्हटलं, छान झालाय. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा काही आणलं नसतंस. मग चौथा छान, पाचवा त्याहून छान, सहावा सगळ्यांत छान. सगळं खोटं. मी पाकिटावरचे शब्द वाचायची आणि पेटीवर हात ठेवायची. हाताला नुसतं भांडण लागायचं. कोण काय वाजवतंय, माझा भाऊ त्यात कुठे आहे, काही हाती यायचं नाही. तू गेल्यावर रडायची, आणि मग दुसऱ्या दिवशी खात्यात सगळ्यांना सांगायची, भावाची रेकॉर्ड आली.

परवा भोंग्याने पाठवलेली टेप आली. नर्सबाईंकडून यंत्र आणलं, त्याचा स्पीकर स्वयंपाकघराच्या फळीवर उपडा ठेवला आणि अनवाणी उभी राहिले. बाळा, मला तू सापडलास. पहिल्या ठोक्यापासून. तू कुठे जोर दिलास, कुठे काठी हलकी ठेवलीस, चौथ्या गाण्यात एकदा चुकणार होतास आणि सावरलंस, सगळं. घुम्याचा बेस तुझ्या बाजूने चालत होता तेही कळलं. नऊ गाणी मी उभी होते. नर्सबाई म्हणाल्या, पाय दुखतील. म्हटलं, दुखू देत. दोनदा लावून घेतली.

तुला हा अल्बम आवडत नाही, ठीक आहे. मला कळतं. पण अकरा वर्षांत मी ऐकलेली तुझी ही पहिली रेकॉर्ड आहे.

दया म्हणालास ते मला लागलं. दया आली असती तर तुला घरी बोलावून खुर्चीत बसवलं असतं आणि भाजी निवडायला दिली असती. मी तुला कामावर जा म्हणतेय. मी अकरा वर्षं रोज जातेय. नवीन बायकांना शिकवते, त्यातल्या निम्म्यांना अजून माहीत नाही. तू दमला आहेस, मीही दमले आहे. दमल्यावर काम सोडायचं असतं तर मी तू दहा वर्षांचा असतानाच सोडलं असतं.

दहा मेपर्यंत मुदत आहे. पुढे तुझी मर्जी.

ताई


६ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तब्येत ठीक, तूही ठीक असशील, इकडे हवा बरी आहे, तिकडेही असेल. या वेळी सावकाश लिहिलं, बघ.

पाच महिने पत्र नाही म्हणून तू काय काय समजली असशील. रागावलो नव्हतो. रागावलो होतो, पण ते मे महिन्यापर्यंतच. नंतर काय लिहावं तेच सुचत नव्हतं. तुझ्यासमोर बसून पंधरा-पंधरा मिनिटं बडबडलो, आणि अकरा वर्षांत मला कळलं नाही. हे कुठल्या तोंडाने लिहायचं?

तुझं पत्र वाचून मी खाली गेलो. घरमालकीणबाई दारातच होत्या. म्हटलं, बाई, जरा घंटा दाबा. त्यांनी माझ्याकडे बघत दाबली. त्यांचं बोट बटणावर होतं, आत गेलेलं मला दिसत होतं. त्यांच्या मांजराने कान टवकारले. मला काही ऐकू आलं नाही, ताई. काहीच नाही. बाईंनी बोट काढलं आणि पहिल्यांदाच मला न ओरडता म्हणाल्या (ओठांवर वाचलं, तू म्हणतेस तसं), ‘चहा घेणार का?’ घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. बारीक आवाज गेलेत, ते येणार नाहीत. जाड आवाज आहेत, ते सांभाळा म्हणाले. तू जानेवारीत जे सांगितलंस ते ऐकायला मला मे उजाडला.

सात मेला काठ्या घेऊन तळघरात गेलो. तिघं नुसते बसले होते. मी म्हटलं, पाठीमागून हाका मारणं बंद करा, समोर या आणि बोला. भोंग्या समोर आला आणि तोंड एवढं वासून म्हणाला, ‘बस फळीवर.’ मग घुम्याने बोल्ट आवळला आणि आम्ही सुरू केलं.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनाची केली. नववं गाणं एकशे वीसने वाजवणार नाही म्हणालो. ती अंगाई आहे, अंगाईसारखीच वाजवायची. भोंग्याने विचारलं, जमेल का? म्हटलं, मागाने मला सुरुवात करून दिली, पुढचं मी बघतो. आठ दिवस लागले. घुम्याच्या बेसवर पाय टेकून बसलो, हळूहळू करत सत्तरवर आणलं. शेवटी जमलं. कंपनीच्या साहेबांना ते मुळीच आवडलं नाही. म्हणाले, यावर कोण नाचणार? कुणी नको, म्हटलं. जाकीट मात्र घातलं. फोटोत मी कढईसारखा चमकतोय.

अल्बम ऑगस्टमध्ये आला. नाचघरांत खूप वाजतोय. जुन्या लोकांनी आम्हाला सोडलं. एकाने आमची पहिली रेकॉर्ड परत पाठवली, मधोमध मोडून. एका वर्तमानपत्रात आलंय की या बँडचा ड्रमवाला झोपला आहे, आठ गाणी त्याच एका ठोक्यावर, गिरणीतल्या यंत्रासारखी. कात्रण सोबत ठेवलंय, जपून ठेव. बिचाऱ्याला कल्पना नाही तो किती बरोबर लिहून गेलाय.

परवा कार्यक्रम झाला. पहिल्या गाण्याला मागच्या रांगांनी शिट्ट्या मारून आम्हाला हाकलायचा प्रयत्न केला म्हणे. मला आल्या नाहीत ऐकू. मी लोकांचे पाय बघत होतो. पुढच्या चार रांगांचे हलत होते. मागे एक म्हातारा गृहस्थ हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून उभा होता, त्याचाही एक पाय हलत होता. त्याला ते माहीत नव्हतं. मला बाबा आठवले.

अल्बम मला अजून आवडत नाही. खोटं कशाला सांगू, ते एवढी वर्षं तू सांगितलंस तेवढं पुरे. दमणं काही गेलेलं नाही, कार्यक्रम संपल्यावर दोन दिवस पाठ धरते. पण काठ्या कपाटात ठेवत नाही आता.

रविवारी येतोय. रेकॉर्ड घेऊन येतोय, हळू गतीतलं नववं गाणं तू अजून ऐकलेलं नाहीस. नर्सबाईंकडे यंत्र मागून ठेव. दोन फळ्या लागतील, एक तुला, एक मला. आणि मी सगळं समोर बसून बोलेन, तू चहा घेऊन फिरू नकोस.

दार वाजवणार नाही. तिसऱ्या पायरीवर जरा जोरात पाय देईन.

तुझा,
टकटक्या